खंडेनवमीला धुतलेले ग्राइंडर

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. महाडच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल विभागात ट्रेनी म्हणून लागले होते. डिप्लोमा झालेला, वय बावीस, आणि अख्ख्या देखभाल विभागात मुलगी मी एकटी. तिथे सगळ्यात बिनमहत्त्वाचं समजलं जाणारं काम माझ्या वाट्याला आलं. हातात घेऊन वापरायची विजेची साधनं तपासायची. लोखंड घासायचे ग्राइंडर, ड्रिल मशीन, हँडलॅम्प, एक्स्टेन्शन बोर्ड, उभे पंखे, कँटीनमधला मिक्सरसुद्धा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वस्तू तपासून रजिस्टरात आकडा लिहायचा. पास झाली तर त्या तिमाहीच्या रंगाची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, नापास झाली तर लाल. खाली माझी सही.

हे काम मलाच का दिलं ते पहिल्या आठवड्यात समजलं. आमचे मेंटेनन्स मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, माझी ओळख करून देताना म्हणाले, "या शांत आहेत. रजिस्टर व्यवस्थित ठेवतील." म्हणजे मी विचारणार काही नाही, आणि अक्षर बरं आहे.

शांत होते हे खरं. माझं घर पोलादपूरला. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी हट्टाने मला महाडच्या इंग्रजी शाळेत घातलं आणि मी दहा वर्षं एसटीने जात-येत राहिले. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरी मराठी, आणि एसटीत काहीच नाही. यातली शेवटची सवय सगळ्यात पक्की झाली. कारखान्यात माझं मराठी ऐकून लोकांना हसू यायचं. मला पन्नासच्या पुढचे आकडे मराठीत पटकन येत नसत. मी "सेव्हन्टी नाइन" म्हटलं की आमचे जुने वायरमन काका शेजारून शांतपणे "एकोणऐंशी" म्हणायचे आणि लिहून घ्यायचे.

वायरमन काका महाड शहरातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मेगर फिरवायला त्यांनी शिकवलं. मेगर म्हणजे एक काळा जड डबा. कडेला फिरवायची दांडी, वर काचेखाली काटा. त्याची एक वायर साधनाच्या वीज येणाऱ्या पिनांना लावायची, दुसरी त्याच्या लोखंडी अंगाला, आणि दांडी जोरात फिरवायची. डबा पाचशे व्होल्ट तयार करतो आणि काटा सांगतो की आतली वीज अंगापर्यंत झिरपू शकते की नाही. काटा वर गेला तर चांगलं. तो शून्यापाशी पडून राहिला तर ते साधन धरणारा माणूस आणि वीज, यांच्यामध्ये काही उरलेलं नाही. दोन मेगओहमच्या खाली नापास, असा आमच्याकडे नियम होता.

"असं घाबरत फिरवू नका," काका म्हणायचे. "तुम्ही घाबरलात की काटा पण घाबरतो. मग खरं सांगत नाही."

माझ्या आधीच्या ट्रेनीचं रजिस्टर मी चाळून पाहिलं. प्रत्येक तिमाहीत पहिल्या ओळीत शंभर मेगओहम, आणि त्याखाली पान संपेपर्यंत दोन-दोन बारीक रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. जुलैतसुद्धा शंभर. महाडला जुलैत आगपेटीची काडी ओढली तर पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, आणि इथे चाळीसच्या चाळीस साधनं शंभर. सह्या सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या.

मी काकांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "त्याला घाई असायची."

मला घाई नव्हती. मी एकेक साधन टेबलावर घेऊ लागले आणि दिसेल तो आकडा लिहू लागले.

कापडे गावच्या एका फिटरची आणि माझी ओळख त्यातूनच झाली. ते कंत्राटी कामगार होते, पन्नाशीच्या आसपासचे, लोखंड घासण्यात हात बसलेला. माझ्या टेबलावर त्यांचा ग्राइंडर आला तेव्हा त्याच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन मुळापासून कापलेली होती.

"ही पिन कुठंय?"

"कापली."

"का?"

"घरी नेलावता ना. आमच्याकडं दोन भोकांचाच बोर्ड हाय. ही मोठी जानार कुठं?"

"तीच पिन तुम्हाला वाचवते."

"मंग धा वर्सं मला कोन वाचवतंय, ताई?"

आजूबाजूचे हसले. मी लाल चिठ्ठी बांधली आणि पुढचं साधन घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर लाल चिठ्ठीसकट तोच ग्राइंडर जोरात चालू. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी मशीन बंद केलं, चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली.

"ह्याच्यावर काय लिवलंय?"

"वापरू नका."

"मंग तसं लिवा ना. मी सातवी पास हाय. हे इंग्रजी आमाला कशाला?"

चिठ्ठ्या छापीलच इंग्रजीत येत. त्या दिवसापासून मी प्रत्येक लाल चिठ्ठीच्या मागे हाताने लिहू लागले, 'वापरू नका', आणि खाली कारण. ओला. पिन नाही. वायर सोललेली. माझं मराठी अक्षर शाळेतल्या तिसऱ्या भाषेचं होतं, पण वाचता येत होतं. फिटरांनी नवा प्लग बसवून घेतला; घरच्या कामाला ग्राइंडर नेणं सोडलं की नाही ते मी विचारलं नाही.

पावसाळा गेला. भातं पिवळी पडली. ऑक्टोबर उजाडला आणि खंडेनवमी आली.

आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमी मोठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून काम बंद. फरशी धुतली जाते, व्हाइसवर आणि लेथवर झेंडूच्या माळा चढतात, आणि सगळी हत्यारं घासूनपुसून चादरीवर मांडतात. हातोड्या, पाने, छिन्न्या, टाक्या. यात चूक काहीच नाही. ज्याच्यावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, हे मला समजतं. पण आता हत्यारांमध्ये ग्राइंडर आणि ड्रिल मशीनं आली होती, आणि धुण्याची रीत मात्र हातोड्यांचीच राहिली होती. मागच्या नळावर रांग लागली होती. साबणाची पावडर, नायलॉनचा ब्रश. ज्या ग्राइंडरने वर्षभर घास-घास घासलं त्याचा काळा मळ निघाला पाहिजे, म्हणून माणसं त्याला लहान पोराला आंघोळ घालावी तशी नळाखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवत होती. वारा जाण्यासाठी अंगाला ज्या फटी असतात त्यातून पाणी आत जात होतं आणि दुसऱ्या बाजूने काळं होऊन बाहेर येत होतं. नंतर त्याच फटींवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं.

मी दारात उभी राहून हे पाहिलं आणि काही बोलले नाही.

का बोलले नाही ते सांगते. थोड्या वेळापूर्वी कंत्राटदाराच्या सुपरवायझरने मला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "मॅडम, तुमच्यात असते का हो खंडेनवमी?"

"नाही."

"मग दसऱ्याला काय करता?"

"विहारात जातो."

"अच्छा," तो म्हणाला. त्या अच्छानंतर दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझं आडनाव सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानंतर मी नळाशी जाऊन 'ग्राइंडर धुऊ नका' म्हणाले असते तर ते विजेबद्दल कुणी ऐकलं नसतं. असं मी स्वतःला सांगितलं. पेढा घेतला, घरी गेले. दसऱ्याला पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात बसले, आणि डोक्यात सारखं त्या फटींतून येणारं काळं पाणी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं काम सुरू व्हायचं होतं. एक रिॲक्टर दुरुस्तीसाठी रिकामा केला होता. रिॲक्टर म्हणजे दुमजली उंचीचं पोलादी पिंप, वर एक माणूस कसाबसा आत जाईल एवढं भोक. आतले जुने वेल्डिंगचे सांधे घासून काढायचे होते. आत रसायन राहू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा पाण्याने धुतलेला, भिंती ओल्या. आत उतरणाऱ्या माणसाच्या पायाखाली पोलाद, पाठीला पोलाद, हातात विजेचा ग्राइंडर. तिथे वीज अंगावर आली तर तिला जायला दहा वाटा, आणि माणसाला बाहेर यायला ते एक भोक.

म्हणून आत जाण्याच्या परवान्यावर तीन सह्या लागत. तिसरी इलेक्ट्रिकलची, की आत जाणारी साधनं तपासलेली आहेत. नवी तिमाही सुरू झाली होती, चिठ्ठीचा रंग निळा. निळी चिठ्ठी नाही तर साधन आत नाही. आणि आत उतरणार होते कापड्याचे फिटर.

मी सकाळी अकरा साधनं टेबलावर ओळीने मांडली आणि मेगर फिरवायला लागले. पहिला ग्राइंडर, काटा जेमतेम हलला. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. चौथ्याच्या फटीत झेंडूची पाकळी अडकलेली, तोही शून्य. मला वाटलं माझं जोडणंच चुकतंय. काकांना बोलावलं. त्यांनी वायरी तपासल्या, स्वतः दांडी फिरवली, काट्याकडे बघितलं आणि माझ्याकडे मेगर परत दिला. अकरापैकी दोन पास झाली. ती दोन्ही ड्रिल मशीनं होती, खंडेनवमीला स्टोअरच्या कपाटात कुलपात विसरून राहिलेली. त्यांना पूजा मिळाली नव्हती. नऊच्या नऊ ग्राइंडर नापास.

मी नऊ आकडे लिहिले, नऊ लाल चिठ्ठ्या बांधल्या. प्रत्येकीच्या मागे लिहिलं, 'आतून ओला. वापरू नका.'

सुपरवायझर आला, चिठ्ठ्या पाहिल्या आणि आधी हसलाच.

"मॅडम, परवा पूजा झाली आणि आज तुम्ही लाल फडकी बांधली? अपशकुन आहे हा."

मी म्हटलं, "ओले आहेत."

"दोन दिवस झाले. कुठले ओले? हात लावून बघा." त्याने एक ग्राइंडर घेऊन बोर्डाला जोडला. बोर्डावर वीज गळायला लागली की आपोआप पडणारा एक स्विच असतो, ईएलसीबी. तो फट्कन पडला. त्याने वर केला. परत पडला. दुसरा ग्राइंडर लावला, परत पडला.

"हा ईएलसीबी खराब आहे," तो काकांना म्हणाला. "दरवर्षी दसऱ्यानंतर असाच पडतो. काढा तो मधून, डायरेक्ट घ्या. मागच्या वर्षी तसंच केलंवतं."

दरवर्षी दसऱ्यानंतर. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी काकांकडे पाहिलं. काका बोर्डाकडे बघत होते.

मग तो वळता वळता, मला ऐकू जाईल इतपतच हळू, बाकीच्यांना म्हणाला, "ह्यांच्यात पूजा नसते ना. मग ह्यांना काय त्याचं."

मी रजिस्टर उघडून उगाच तारीख पुन्हा गिरवली. मी लहानपणापासून अशा वाक्यांपासून दूर राहायला शिकले होते. दुसऱ्या बाकावर बसायचं, दुसऱ्या एसटीने जायचं, उत्तर द्यायचं नाही. त्या दिवशी मात्र उठून जायला जागाच नव्हती, कारण टेबल माझं होतं.

साहेब आले.

"काय प्रॉब्लेम आहे?"

"सर, ग्राइंडर ओले आहेत. नऊही नापास आहेत."

"बाहेरून तर कोरडे दिसतायत."

"आतून ओले आहेत."

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत?"

सगळे हसले. मेगर आत जाऊनच बघतो, हे उत्तर मला संध्याकाळी एसटीत सुचलं. तेव्हा मी फक्त रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी आकडे वाचले. ते पुण्याचे, शिकलेले, त्यांना आकडे समजत होते. तेच मला जास्त लागलं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि मला बाजूला घेऊन अगदी नरम आवाजात बोलले.

"हे बघा, तुमचं ट्रेनिंग या महिन्यात संपतंय. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. मी सही करणारच आहे. पण काम दुपारपर्यंत सुरू झालं पाहिजे. मला वर उत्तर द्यायचंय. तुम्ही परवान्यावर सही करा, ग्राइंडर चालता चालता वाळतील."

ती नोकरी मला किती हवी होती ते सांगायला हवं. पोलादपूरहून रोज जाऊन-येऊन करता येईल अशी माझ्या शिक्षणाची दुसरी नोकरी नव्हती. नाहीतर मुंबई, कुणा नातेवाइकाच्या खोलीत, किंवा घरी बसून स्थळं. वडिलांनी माझ्या शाळेसाठी जे सोसलं त्याचं उत्तर म्हणजे तो कागद होता. आणि माझी एक सही दिली की तो मिळत होता. आधीच्या ट्रेनीने अशा कितीतरी दिल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, मी नाही करणार."

आवाज इतका बारीक आला की त्यांनी परत विचारलं, "काय?"

"नाही करणार."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. खुर्ची अचानक बोलली तर माणूस जसा बघेल तसे. मग ते वळले आणि काकांना म्हणाले, "तुम्ही करा."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. परवाना घेतला आणि सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. सुपरवायझरने खिशातून पक्कड काढून एका ग्राइंडरची लाल चिठ्ठी कापली, ईएलसीबीला वळसा घालून वायर थेट जोडली आणि सगळे रिॲक्टरकडे निघाले.

मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. जिन्याने वरच्या मजल्यावर गेले आणि रेलिंगला टेकून उभी राहिले. फिटरांनी कमरेला दोर बांधून घेतला होता. एक पाय भोकात, आणि त्यांनी ग्राइंडर मागितला. हातात आल्यावर त्याची वायर चाचपली, प्लगजवळ चिठ्ठीचा नुसता दोरा लोंबत होता तो पाहिला. मग मान वर करून इकडेतिकडे बघितलं आणि मी दिसले.

"ताई, ह्याला निळी चिठ्ठी नाय."

सुपरवायझर म्हणाला, "सही झालीय रे परवान्यावर. उतर."

"कोनाची?"

"वायरमनची."

"ते कशावं बी करतात," फिटर म्हणाले. काका तिथेच होते. "तुमची हाय का, ताई?"

आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबही बघत होते, आणि मला आठवतं, त्यांनी मान अगदी थोडी डावीकडे हलवली, गप्प राहा अशी. परवा नळावरचं बघूनही मी गप्पच राहिले होते.

"माझी नाही," मी म्हटलं. "काटा शून्यावर आहे. आत जाऊ नका."

फिटरांनी भोकातला पाय बाहेर काढला. ग्राइंडर जाळीवर ठेवला, दोराची गाठ सोडायला लागले.

सुपरवायझर ओरडला नाही, दात आवळून म्हणाला, "उद्यापासून येऊ नको मग."

"उद्या येवाला आज भायेर तरी यायला पायजे ना," फिटर म्हणाले आणि एका पिंपावर बसून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

कुणीतरी फसकन हसलं. पण दुसऱ्या कुणी पुढे होऊन तो ग्राइंडर उचलला नाही. सुपरवायझरने नाव घेऊन दोघांना सांगितलं, दोघांनाही एकदम काहीतरी वेगळं काम आठवलं. साहेब जिना उतरून गेले आणि दहा मिनिटांनी निरोप आला की मॅडमना विचारा, वाळायला किती वेळ लागेल.

मी सांगितलं, उघडून ठेवावे लागतील, दोन दिवस. कमी सांगून बरं वाटून घ्यावं असा मोह झाला होता. दोन दिवसच सांगितले.

वर्कशॉपच्या मागे ऑक्टोबरचं कडक ऊन पडत होतं. तिथे पत्रा टाकून आम्ही नऊही ग्राइंडर उघडले. आम्ही म्हणजे मी आणि काका, कारण दुसरं कुणी आलं नाही. एकाच्या पोटात चमचाभर पाणी साचलेलं, कुंकवाने लाल झालेलं. काकांनी ते पत्र्यावर ओतलं.

"मी सही केली," ते म्हणाले.

"हो."

"अठ्ठावीस वर्षं करतोय."

त्यांच्याबद्दल मला राग होता आणि तो लगेच गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्यांनी त्या दोन दिवसांत एकेक आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, फडक्याने टिपून, लाकडी खोक्यात शंभरचे बल्ब लावून, पापड वाळवताना उलटावेत तसे तासातासाला उलटून वाळवले. येऊ नको म्हटलं तरी कामावर आलेले फिटरही जेवणाच्या सुट्टीत येऊन बसले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने फटींतलं हळदीकुंकू कोरून काढू लागले.

मी म्हटलं, "मी काढते."

"नाय गो बाय, ते मी काढतो. देव रागावला तर माझ्यावं रागवंल. तुमच्यात नाय ना," ते म्हणाले. तेच वाक्य. पण त्यांनी ते माझ्या बाजूने वापरलं.

तिसऱ्या दिवशी सात पास झाले. दोन शेवटपर्यंत झाले नाहीत, ते मी बाद केले. सात निळ्या चिठ्ठ्या बांधल्या, ईएलसीबी परत जागेवर बसवला, परवान्यावर सही केली. ईएलसीबी पडला नाही. फिटर आत उतरले, संध्याकाळी वर आले, चहा प्यायले, एसटीने कापड्याला गेले. कुणी मेलं नाही. त्यामुळे मी बरोबर होते हे दाखवायला माझ्याकडे काही नाही. मागच्या वर्षीही कुणी मेलं नव्हतं, असं सुपरवायझर पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला. तेही खरं होतं. पण काटा शून्यावर होता आणि मी तो शून्यावर लिहिला. यापलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही.

महिन्याच्या शेवटी कार्यालयातून बोलावणं आलं. कागद होता, पण कायम केल्याचा नाही. ट्रेनिंग सहा महिन्यांनी वाढवल्याचा. इंग्रजीत लिहिलं होतं, सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात कमी पडतात. कार्यालयातल्या गृहस्थांनी दुसरी प्रत पुढे केली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"मिळाल्याची सही करा."

मी सही केली. वर लिहिलं, 'मिळालं. कारण मान्य नाही.'

"अहो, असं लिहीत नाहीत त्याच्यावर," ते म्हणाले.

"लिहिलंय," मी म्हटलं.

घरी वडिलांनी माझी प्रत दोनदा वाचली. आयुष्यभर असेच कागद हाताळलेला माणूस. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. वडिलांनी विचारलं ते एवढंच, "तू काय लिहिलंस ते इंग्रजीत का नाही लिहिलंस? एवढं शिकवलं तुला."

"सगळ्यांना वाचता यावं म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घालून ती स्वतःच्या पाकिटात ठेवली. सहा महिने मी त्याच टेबलाशी काम केलं. आकडे लिहिले. पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी मला कायम केलं, रजिस्टर न उघडताच. त्याचाही मला फारसा आनंद झाला नाही.

पुढची खंडेनवमी आली तेव्हा मी आठवडाभर आधी वर्कशॉपच्या दारावर सूचना लावली. विजेची साधनं पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत, पूजेनंतर पुन्हा तपासणी होईल. नव्या साहेबांनी बोलावून सांगितलं, काढा ती, लोकांच्या भावना असतात. मी काढली. खंडेनवमीच्या दिवशी स्टोअरमधून पिवळ्या फडक्यांचा गठ्ठा घेऊन दुपारपासून मागच्या नळाशी उभी राहिले. जो ग्राइंडर घेऊन येईल त्याच्या हातात फडकं. कुणी मुकाट घेतलं, कुणी म्हणालं, "आता पूजा पण मॅडम शिकवनार." सुपरवायझरने माझ्याकडे बघत बघत, हसत, स्वतःचा ग्राइंडर नळाखाली धरला. त्याच्या दोन माणसांनीही धरले. मी नळ बंद केला नाही आणि तिथून हललेही नाही.

दसऱ्यानंतर सगळी साधनं तपासली. त्या वर्षी तीन नापास झाली. तिन्ही लिहिली.